कापडी आरामखुर्ची : दुपारच्या डुलकीच्या कसोटीवर

निवृत्तीनंतर पहिल्या वर्षभरात मला दुपारच्या झोपेची जी सवय लागली, तिला वामकुक्षी म्हणणे हा त्या शब्दावर अन्याय ठरला असता. जेवून पलंगावर आडवा झालो की दीड-दोन तास सहज निघून जात, उठल्यावर डोके जड असे, चहा घेतल्याशिवाय माणसांत यावेसे वाटत नसे आणि रात्री एक वाजेपर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर चालू राही. गजर लावून पाहिला, पण पलंगावरून हात लांब करून तो बंद करण्याची कला चार दिवसांत साध्य झाली. अखेर पलंगच टाळायचा असे ठरवून मी मागच्या फेब्रुवारीत सागवानी चौकटीची, कॅनव्हासच्या कापडाची घडीची आरामखुर्ची 4,200 रुपयांना विकत घेतली. तिच्या वर्षभराच्या वापरावरून हे परीक्षण लिहीत आहे.

खुर्चीची रचना जुनीच आहे. एकमेकींत बिजागरीने अडकवलेल्या दोन चौकटी, मागे टेकू देणारा तिसरा लहान दांडा, तो बसवण्यासाठी तीन खाचा, आणि वरच्या व खालच्या दांडीवर नेफ्यात ओवलेले एकसंध कापड. पहिल्या खाचेत वाचता येते, दुसऱ्या खाचेत पेंग येते आणि तिसऱ्या खाचेत माणूस जवळजवळ आडवा होतो. कोकणात माझ्या आजोळी पडवीत जी खुर्ची होती, तिच्या हातांना पाय ठेवण्यासाठी पुढे सरकणाऱ्या लांब फळ्या होत्या. या खुर्चीला त्या नाहीत, त्यामुळे पाय जमिनीवरच राहतात. सुरुवातीला मला ही उणीव वाटली होती. आता ती सोयच वाटते, कारण पाय जमिनीवर असले की झोप एका मर्यादेपलीकडे गाढ होत नाही.

डुलकीची लांबी महत्त्वाची का, हे थोडे सांगायला हवे. जागेपणी मेंदूत अडेनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्याबरोबर झोपेची ओढ वाढते. दुपारी लांबलचक झोप काढली की ही ओढ दुपारीच खर्च होते आणि रात्रीसाठी पुरेशी उरत नाही. शिवाय साधारण अर्ध्या तासानंतर गाढ झोपेचा टप्पा लागण्याची शक्यता वाढते, आणि त्यातून मध्येच उठवले तर जो जडपणा येतो, तो बराच वेळ हटत नाही. दुपारी एक ते तीनच्या सुमारास येणारी झापड केवळ भाताची करामत नव्हे. शरीराच्या घड्याळातच त्या वेळेला एक उतार असतो आणि तो उपाशी माणसालाही जाणवतो. तात्पर्य, डुलकी घेण्यात गैर काही नाही, पण ती वेळेवर मोडली पाहिजे. माझ्या अनुभवात हे काम ही खुर्ची गजरापेक्षा इमानदारीने करते. दुसऱ्या खाचेत मला वीस ते पंचवीस मिनिटांत आपोआप जाग येते, बहुधा मान एका बाजूला कलते म्हणून.

आपल्याकडे हा भेद जुन्या काळापासून ठाऊक होता, याची मला मौज वाटते. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात रात्रीचे जागरण रूक्ष आणि दिवसाची झोप स्निग्ध म्हटली आहे, तर बसल्या बसल्या घेतलेल्या डुलकीला, म्हणजे ‘आसीन प्रचलायिता’ला, या दोन्ही दोषांतून मुक्त ठेवले आहे. दिवसा झोपण्याची मोकळीक आयुर्वेदाने प्रामुख्याने ग्रीष्मात दिली आहे. खुर्चीतल्या डुलकीला मात्र ऋतूचे बंधन दिसत नाही. अर्थात शब्दाला धरून बोलायचे तर वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर पहुडणे, आणि या खुर्चीत कुशीवर वळताच येत नाही. पाठ उंच राहत असल्यामुळे जेवणानंतर घशाशी येणारे आंबट पाणी मात्र मला पलंगापेक्षा इथे कमी जाणवते.

खुर्चीतल्या डुलकीचा आणखी एक उपयोग चित्रकार साल्वादोर दाली सांगत असे. हातात जड किल्ली धरून, खाली ताटली उपडी ठेवून तो खुर्चीत डोळे मिटे. झोप लागताच किल्ली पडे आणि तो जागा होई. पॅरिसमधील संशोधकांनी 2021 साली अशीच परीक्षा घेतली, तेव्हा झोपेच्या पहिल्या टप्प्यात निदान पंधरा सेकंद घालवलेल्यांपैकी 83 टक्के लोकांना गणिताच्या कोड्यातली दडलेली युक्ती सापडली. जागे राहिलेल्यांत हे प्रमाण 30 टक्के होते, आणि त्याहून गाढ झोपलेल्यांचा तो लाभ नाहीसा झाला होता. मीही एकदा किल्ल्यांचा जुडगा आणि स्टीलचे ताट घेऊन बसलो होतो. मला शब्दकोडे सुटले नाही, पण आतल्या खोलीतून पत्नी धावत आली आणि तो प्रयोग तिथेच संपला.

आता दोष. पहिला आणि मोठा दोष कापडाचा आहे. चार महिन्यांत त्याला एवढा झोळ पडला की बसल्यावर पुढची आडवी पट्टी गुडघ्यांच्या मागे रुतू लागली, आणि सहाव्या महिन्यात नेफ्याची एकेरी शिवण उसवली. दुकानदाराने हमी फक्त लाकडाची असल्याचे सांगितले. पावतीवर तसे कुठेही लिहिलेले नव्हते. शेवटी ताडपत्री विकणाऱ्याकडून जाड कॅनव्हास आणून, शिंप्याकडून दुहेरी शिवणीने मी कापड नवे करून घेतले आणि त्याला 650 रुपये लागले. ते आजतागायत ताठ आहे, म्हणजे मुळातच तसे देणे अशक्य नव्हते. दुसरे म्हणजे पावसाळ्यात सुती कापडावर बुरशीचे काळे ठिपके येतात, तेव्हा खुर्ची गॅलरीत न ठेवता घरात घडी करून ठेवावी लागते. घडी करताना खाचेजवळ बोट सापडते. लहान मुले असलेल्या घरात याची विशेष काळजी घ्यावी. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांना इतक्या खोल बैठकीतून उठणे जड जाईल, त्यांनी ही खुर्ची घेऊ नये.

लाकूड मात्र उत्तम आहे, वर्षभरात कुठेही कुरकुरलेले नाही. रात्री आता मला अकराच्या सुमारास झोप लागते, तरी याचे सगळे श्रेय खुर्चीला देता येणार नाही, कारण त्याच सुमारास मी चारचा चहाही सोडला. कुणाला अशी खुर्ची घ्यायची असेल तर त्यांनी दुकानात नेफ्याची शिवण उलटी करून पाहावी, कापड बदलता येते ना याची खात्री करावी, आणि शक्य असल्यास जेवून जावे व दुसऱ्या खाचेत दहा मिनिटे डोळे मिटून बसावे. माझ्या दुकानदाराला ते आवडले नव्हते. तिसरी खाच मी वर्षभरात दोनदाच वापरली आणि दोन्ही वेळा साडेचार वाजले.