फ्रेम बदललेली, तरीही नंबर जुळलेला

१९५२ सालची ब्रिटिश बनावटीची ट्रायम्फ थंडरबर्ड म्हणून मला जी मोटारसायकल विकण्यात आली, तिचे इंजिन १९५२ चे नाही, फ्रेम १९५२ ची नाही, आणि जे आर.सी. बुक तिच्यासोबत मिळाले त्यातली मूळ गाडी १९९१ सालीच मोडीत गेलेली आहे. या व्यवहारात माझे एकूण ६,२७,७०० रुपये गेले. त्यात यूपीआयने दिलेले टोकन ५१,०००, आर.टी.जी.एस.ने ४,००,०००, रोख १,२५,०००, नोंदणीच्या कामासाठी एजंटाला २८,०००, टेम्पोचे भाडे ९,५०० आणि इंजिन उघडून पाहणाऱ्या मिस्त्रींचे १४,२०० रुपये आहेत. यातली शेवटची रक्कम मी सगळ्यांत आधी खर्च करायला हवी होती. टोकन देण्यापूर्वी स्वतःचा मिस्त्री सोबत न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नव्हे, हे मी इथेच सांगून टाकतो, कारण पुढचे कोणी वाचले नाही तरी एवढे वाचलेच पाहिजे.

'या वयात हौस कशाला हवी होती' असे ऐकवणारे नातेवाईक मला पुरेसे भेटले आहेत. मी बासष्ट वर्षांचा आहे. पिंपरीच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात ३१ वर्षे नोकरी केली आणि हातात मायक्रोमीटर घेतल्याशिवाय कुठल्याही मापावर सही केली नाही. बालपण खडकीत गेले. तिथे लष्करी अधिकाऱ्यांकडे ब्रिटिश गाड्या असत, आणि त्यांपैकी थंडरबर्डचा आवाज व हेडलाइट, स्पीडोमीटर एकाच कवचात बसवलेले तिचे तोंड माझ्या मनात तेव्हापासून घर करून होते. पुढे तिच्याबद्दल मिळेल ते वाचले. एडवर्ड टर्नर यांच्या आराखड्यातले ६४९ सीसीचे जोड सिलिंडरचे इंजिन, कॉव्हेंट्रीजवळचा मेरिडनचा कारखाना, सप्टेंबर १९४९ मध्ये पॅरिसजवळच्या मॉंतलेरी ट्रॅकवर तीन गाड्यांनी ताशी ९० मैलांहून अधिक सरासरीने पार केलेले ५०० मैल, हे सगळे मला पाठ होते. मुलांची शिक्षणे, मुलीचे लग्न, घराचे हप्ते संपल्यानंतर भविष्य निर्वाह निधीतून बाजूला ठेवलेल्या पैशांतून मी ही गाडी घेतली. कोणाचे देणे बुडवून घेतली नाही.

स्वस्त मिळते म्हणून भुललो, असेही कोणी समजू नये. विकणाऱ्याने ६,२५,००० मागितले होते, घासाघीस होऊन ५,७६,००० ठरले. आपल्याकडे चालू स्थितीतल्या ट्रायम्फसाठी ही किंमत संशय यावा इतकी कमी मुळीच नाही. जाहिरातीत अर्ध्या किमतीची रॉयल एनफिल्ड दाखवून 'लष्करातून बदली झाली आहे' म्हणणारे भामटे सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यांच्यापासून मीही चार हात लांब राहतो. हा मनुष्य तसा नव्हता. सिंहगड रस्त्याच्या पुढे त्याचे गोदाम होते, तिथे एक मॅचलेस आणि सुटी केलेली बीएसए अशा दोन जुन्या ब्रिटिश मोटारसायकली होत्या, चहा पाजून तो दोन-दोन तास अमाल कार्ब्युरेटर, लुकास मॅग्नेटो अशा त्या गाड्यांच्या भागांवर बोलत असे. "काका, ही गाडी तुमच्यासारख्या जाणकाराच्याच घरी गेली पाहिजे," असे तो म्हणाला, आणि मला ते खरे वाटले.

आता ज्या दहा मिनिटांनी माझी झोप उडवली आहे त्यांच्याविषयी लिहितो. गाडी बाहेर उन्हात काढल्यावर मी मागच्या बाजूला वाकून पाहिले, तर तिला स्विंग आर्म, म्हणजे मागचे चाक वर-खाली हलू देणारा दांडा, आणि दोन शॉक ॲब्सॉर्बर होते. थंडरबर्डला स्विंग आर्मची फ्रेम १९५५ च्या मॉडेलपासून मिळाली. त्याआधीची फ्रेम मागून ताठ असे आणि ज्याला हवे त्याला चाकाच्या हबमध्येच स्प्रिंग बसवलेले मिळत, हे मला माहीत होते आणि मी ते तोंडाने बोललोसुद्धा. क्षणाचाही विलंब न लावता तो म्हणाला, "बरोबर ओळखलंत काका. १९५८ साली मुंबईच्या एजंटानं कंपनीचीच नवी फ्रेम बसवून दिली होती." माझे समाधान झाले. त्यानंतर त्याने टॉर्च लावून आधी सिलिंडरच्या बुडाशी डाव्या क्रँककेसवरचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावरचा इंजिन नंबर दाखवला, मग हँडलच्या मुळाशी फ्रेमवरचा नंबर दाखवला, आणि अभिमानाने सांगितले की दोन्ही नंबर तंतोतंत जुळतात. त्या काळातल्या ट्रायम्फचे इंजिन आणि फ्रेम यांवर कारखान्यात एकच नंबर ठोकला जाई. बीएसएचे तसे नसे, तिथे दोन वेगळे नंबर असणे हेच रीतसर आहे. जुळत्या नंबरांच्या ट्रायम्फला अधिक किंमत येते, म्हणून मला आनंद झाला.

फ्रेम जर १९५८ मध्ये बदलली असेल, तर तिच्यावर १९५२ च्या इंजिनाचा नंबर कसा असेल? आणि नंबर जर कारखान्यातूनच जुळलेला असेल, तर फ्रेम बदललेली कशी असेल? ही दोन विधाने एकाच माणसाने, एकाच गाडीपुढे उभे राहून, दहा मिनिटांच्या आत केली, आणि त्यांपैकी एक खोटे असल्यावाचून दुसरे खरे असूच शकत नव्हते. आयुष्यभर दोन मापे एकमेकांशी ताडून पाहण्याचे काम केलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर हे घडले. माझ्या बाजूने एवढेच सांगतो की ज्याने आपली शंका आधी मान्य केली, त्याच्या पुढच्या वाक्यावर माणूस शंका घेत नाही, आणि त्याचा सगळा धंदा याच एका गोष्टीवर चाललेला आहे. विकणारा तुमची हरकत चटकन मान्य करून तिच्यासाठी तयार कथा सांगू लागला, तर तिथेच थांबा आणि ती कथा त्याच्या पुढच्या दाव्याशी जुळवून पाहा.

नंबर पाहून खरे-खोटे ठरवता येते असे अनेकांना वाटते, तेही इतके सोपे नाही. त्या काळी आकडे हाताने एकेक करून ठोकलेले असत, त्यामुळे ओळ थोडी वाकडी असणे हा बनावटपणाचा पुरावा नव्हे. १९६९ पासून कंपनीने नंबराच्या जागेवर आधी आपल्या नावाची बारीक नक्षी उमटवायला सुरुवात केली, म्हणजे जुना आकडा घासला तर नक्षीही पुसली जाऊन खाडाखोड उघडी पडते. त्यापूर्वीच्या गाड्यांना हे संरक्षण नाही. तिथे पाहायचे असते ते एवढेच, की नंबराची उंचवट्याची जागा आजूबाजूच्या धातूपेक्षा खोलगट किंवा गुळगुळीत आहे का, आणि आकड्यांच्या कडा नव्या, धारदार आहेत का. माझ्या गाडीच्या फ्रेमवर त्या जागी रंगाचा जाड थर होता आणि "रंग नवा आहे, खरवडू नका" असे मला सांगण्यात आले. रंग खरवडू न देणाऱ्याकडून गाडी घेऊ नये.

रोख १,२५,००० रुपयांची गोष्ट वेगळी आहे. आर.सी. बुकात १९६३ सालापासून सातारा जिल्ह्यातल्या एका गृहस्थांचे नाव होते. ते ९३ वर्षांचे असून अंथरुणाला खिळले आहेत, मुले परदेशी आहेत, सह्या देताना त्यांच्या औषधपाण्यासाठी रोखच हवी, असे मला सांगितले गेले आणि थरथरत्या अक्षरांत सही केलेले नमुना २९ व ३०, म्हणजे मालकी बदलाचे अर्ज, माझ्या हाती आले. आजारी म्हाताऱ्या माणसाला भेटायचा आग्रह धरणे मला प्रशस्त वाटले नाही. त्या सभ्यपणाचीच किंमत मोजली. मालकाला समोर पाहिल्याशिवाय, त्याच्या ओळखपत्राशी सही ताडल्याशिवाय एक रुपया देऊ नका, मग तो कितीही वृद्ध असो.

गाडी घरी आली आणि थोड्याच दिवसांत बंद पडली. नाना पेठेतल्या ओळखीने मिळालेल्या एका वयस्क मिस्त्रींनी प्राथमिक चेनचे कव्हर उघडले आणि आत अल्टरनेटर पाहून ते माझ्याकडे बघतच राहिले. १९५२ च्या थंडरबर्डला ठिणगीसाठी मॅग्नेटो आणि विजेसाठी डायनॅमो असतो, त्यांच्या जागी अल्टरनेटर १९५४ पासून आला. त्यांनी फ्रेमवरचा रंग काढला, तेव्हा खाली घासून सपाट केलेली जागा आणि तिच्यावर ताजे ठोकलेले आकडे दिसले. ब्रिटनमधल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे ट्रायम्फ कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत आणि शुल्क घेऊन ते नंबरावरून दाखला देतात. तिथे विचारणा केली तर नंबर अगदी खरा निघाला, १९५२ च्याच थंडरबर्डचा. म्हणून अशा दाखल्यावर विसंबणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की तो नंबराविषयी सांगतो, तुमच्यापुढे उभ्या असलेल्या लोखंडाविषयी नव्हे.

आर.सी. बुकातल्या पत्त्यावर मी शेवटी गेलो. त्या गृहस्थांचे नातू भेटले, अतिशय सज्जन मनुष्य. आजोबा १९८७ साली वारले, गाडी कुजून गेली होती म्हणून घरच्यांनी ती १९९१ मध्ये कागदपत्रांसह भंगारवाल्याला देऊन टाकली. नमुना २९ आणि ३० हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमधले आहेत, म्हणजे ज्या कागदावर आजोबांची सही आहे तो कागद त्यांच्या हयातीत अस्तित्वातच नव्हता. मूळ मालक वारला असेल तर वारसाने नमुना ३१ भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करावी लागते, हेही मला तेव्हा समजले. गाडी भंगारात गेली की तिचे पुस्तक दुसऱ्याच गाडीला जोडून विकले जाते, आणि ते पुस्तक खरे असल्यामुळे पाहणाऱ्याला त्यात खोट सापडत नाही.

यानंतर सुरू झाला तो सरकारी दारांचा फेरा. एजंटाने २८,००० पैकी २०,००० व्हिंटेज नोंदणीचे सरकारी शुल्क म्हणून घेतले होते. २०२१ पासून ५० वर्षांवरील गाड्यांसाठी अशी नोंदणी आहे, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० च आहे, दहा वर्षांची मुदत मिळते आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, म्हणून मला ते खरे वाटले. पावती मात्र आजतागायत मिळालेली नाही. शुल्क तुम्ही स्वतः ऑनलाइन भरा, पावती लगेच निघते. परिवहन कार्यालयातल्या निरीक्षकांनी गाडी पाहताच तोंडी सांगितले की नंबर बदललेला आहे, नोंदणी होणार नाही. तेच लेखी द्या म्हटले, तर पोलिसांचे पत्र आणा म्हणाले. पोलीस ठाण्यात गेलो, तर परिवहन कार्यालयाचा लेखी अहवाल आणा म्हणाले. या दोन टेबलांमध्ये मला महिनोन्‌महिने फिरवले गेले. ज्या अधिकाऱ्याला एका नजरेत गुन्हा दिसला त्याला तो चार ओळींत लिहून देण्याचे धैर्य नव्हते, आणि ज्याच्यावर गुन्हा नोंदवण्याची कायदेशीर जबाबदारी आहे त्याला हा 'दिवाणी वाद' वाटत होता. मृत माणसाच्या नावाची सही दिवाणी वाद कशी असू शकते, या प्रश्नाला मला उत्तर मिळाले नाही. उलट असे सुनावण्यात आले की खाडाखोड केलेली गाडी तुमच्याकडे सापडली आहे, तक्रार घेतली तर आधी गाडी जप्त होईल आणि तुमचीच चौकशी होईल, विचार करा. बासष्ट वर्षांच्या, आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी न चढलेल्या माणसाला हे सांगण्यामागचा हेतू उघड होता.

सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला, तिथून कळले की समोरासमोर भेटून केलेला व्यवहार सायबर गुन्ह्यात बसत नाही. बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवलेत. ग्राहक आयोगाकडे जावे तर विकणारा स्वतःला व्यापारी म्हणवत नाही, खासगी विक्री दाखवतो. तो गोदाम रिकामे करून गेला आहे आणि त्याचा पत्ता दुसऱ्या हद्दीत निघाल्याने आमच्या ठाण्याने तेही कारण पुढे केले. हद्द कोणतीही असो, गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि हे मला पोलिसांना नव्हे तर वकिलांना विचारून कळावे लागले. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचे आणि ३३६ बनावट दस्तऐवजाचे आहे. ज्यांना 'दिवाणी' म्हणून परत पाठवले जाईल त्यांनी ही दोन कलमे अर्जात लिहून द्यावीत, पोच घ्यावी, तरीही नकार आला तर वरिष्ठांकडे लेखी अर्ज करावा आणि नंतर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. तोंडी काहीही सांगू नका. तोंडी सांगितलेले कुठेच राहत नाही.

मी आता याच मार्गाने गेलो आहे. वरिष्ठ अधिकाऱ्यांकडच्या अर्जाची पोच, आर.टी.जी.एस.चा क्रमांक, घासलेल्या फ्रेमची छायाचित्रे, नातवांचे लेखी निवेदन आणि आजोबांच्या मृत्यू दाखल्याची प्रत वकिलांनी न्यायालयात दाखल केली आहे. दरम्यान नाशिकच्या एका गृहस्थांचा माझ्याशी संपर्क झाला, त्यांनी त्याच माणसाला, त्याच बँक खात्यात, एका मॅचलेससाठी २५,००० रुपये टोकन दिले होते आणि गाडी अजून पाहिलेलीही नाही. आम्ही दोघे मिळून पुढची तारीख गाठणार आहोत. ज्या कोणी सिंहगड रस्त्याच्या त्या गोदामात जुन्या ब्रिटिश गाडीसाठी पैसे दिले असतील, त्यांनी खाते क्रमांकाची नोंद, संदेश आणि गाडीच्या नंबरांचे पेन्सिलने घेतलेले ठसे जपून ठेवावेत, गाडीला हात लावू नये, आणि तक्रार आजच लेखी द्यावी.