जमीन मोजायचं जीपीएस मीटर: मोठ्या रानाला चालतं, तुकड्याला टेपच

माझा ट्रॅक्टर आहे, वाळवा तालुक्यात रोटर मारायची कामं करतो, गुंठ्याला सत्तर रुपये. भांडण दरावरून कधीच होत नाही, क्षेत्रावरून होतं. म्हणून साडेचार हजारांचं चिनी बनावटीचं मीटर ऑनलाइन मागवलं. तळहाताएवढं आहे. बटण दाबायचं, बांधाच्या कडेनं फेरी मारून जिथून निघालो तिथं यायचं, की क्षेत्र हजर. एक हंगाम वापरून लिहितोय.

पहिल्याच दिवशी फजिती. वस्तीवरच्या आबांच्या तुकड्याला फेरी मारली, आकडा आला २.४. आबा म्हणाले, "अडीच एकर? मग सातबारा फाडून टाकतो की!" मीटर 'मू'मध्ये लावलेलं होतं. हे चिनी माप, १५ मू म्हणजे एक हेक्टर. माझ्या मीटरात गुंठा नाहीच. एकरावर ठेवायचं आणि चाळीसनं गुणायचं.

मोठ्या रानात तक्रार नाही. एका गटाचं सातबाऱ्यावर १ हेक्टर २० आर, म्हणजे ११८.६ गुंठे. मीटरनं एकदा २.९७ एकर दाखवलं, एकदा ३.०१. दीड गुंठ्याच्या फरकावरून तीन एकरवाला माणूस हुज्जत घालत नाही.

आबांचा तुकडा मात्र ओढ्याकडेला, कुठलीच बाजू कुठल्या बाजूला समांतर नाही. तिथं तीन फेऱ्यांत ०.४२, ०.३५ आणि ०.४० आले. १६.८ गुंठे की १४? दोनशे रुपयांचा फरक आहे राव! त्यात आंब्याखालून गेलं की हे आणखी बिथरतं. कारण साधं आहे: चूक होते ती कडेला. जीपीएस पाच-सात फूट इकडंतिकडं सरकतंच. मोठ्या रानाला मधलं क्षेत्र भरपूर, म्हणून ते खपून जातं. तुकड्याला कडाच जास्त.

शेवटी आठवीतला पुतण्या आणि शंभर फुटी टेप घेऊन गेलो. ओढ्याचं वळण बाजूला ठेवून चार कोपऱ्यांना खुंट्या मारल्या आणि मधून कर्ण ताणला, १७१ फूट. झाले दोन त्रिकोण: एकाच्या बाकीच्या बाजू ११८ आणि १४०, दुसऱ्याच्या ९६ आणि १५२. तिन्ही बाजू माहीत असल्या की उंची लागत नाही, हे पोरानं सांगितलं. त्यांच्या पुस्तकात हेरॉनचं सूत्र आहे. बाजूंची बेरीज करून निम्मी करायची, त्यातून एकेक बाजू वजा करायची, चारही आकडे गुणायचे आणि वर्गमूळ काढायचं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ८१९० आणि ७२५५ चौरस फूट आले.

राहिलं ओढ्याचं पोट. १४० फुटांच्या बाजूवर दर वीस फुटांना काटकोनात बांधापर्यंत टेप धरली: ६, ११, १३, १२, ८, ५. दोन्ही टोकांना शून्य. बेरीज ५५, गुणिले २० म्हणजे ११०० चौरस फूट, साधारण एक गुंठा. एकूण १६,५४५. भागिले १०८९, म्हणजे १५.१९ गुंठे.

हे १०८९ कुठून आलं ते आबांना तोंडपाठ. जमीन मोजायची जुनी शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. त्यांच्या वडिलांनी तसंच मोजलेलं.

मीटरच्या तीन फेऱ्यांची सरासरी काढली तर १५.६ येते, म्हणजे अगदीच टाकाऊ नाही. पण एका फेरीवर पैसे मागू नका. अजून एक: फेरी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी स्वतःला छेदून गेली तर एक बाजू दुसरीतून वजा होते आणि आकडा भलताच येतो. मध्ये विहीर असेल तर तिला वेगळी फेरी मारून ती वजा करा. आणि बांधाचा वाद असेल तर हे मीटर खिशातून काढूच नका, तिथं भूमी अभिलेखची मोजणीच चालते.

पाचपैकी तीन स्टार. अर्ध्या एकराच्या आतला तुकडा असेल तर मी आता सीटखालची टेपच काढतो. आबांकडून पंधरा गुंठ्यांचेच पैसे घेतले. वरचे तेरा रुपये चहात वळते झाले.