सेकंड हँड ८०८५ किट घेतला, तीन महिने वापरून मग लिहितोय

सेकंड इयरला ज्यांना कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन नाहीतर मायक्रोप्रोसेसर आहे त्यांच्यासाठी लिहितोय. ८०८५ म्हणजे इंटेलचा जुना मायक्रोप्रोसेसर, आणि ट्रेनर किट म्हणजे तो शिकायला बनवलेला बोर्ड, बटणं दाबून प्रोग्रॅम टाकायचा आणि चालवून बघायचा. लॅबमध्ये आम्ही चौघं एका किटवर, एकजण बटणं दाबणार आणि बाकीचे जर्नल उतरवणार, त्यात अख्खं सेमिस्टर गेलं. ॲक्युम्युलेटरची (प्रोसेसरच्या आत आकडा ठेवायच्या ज्या जागा असतात, म्हणजे रजिस्टर, त्यातलं हिशेबाचं मुख्य) व्याख्या तोंडपाठ होती पण तो नेमकं करतो काय ते सांगता आलं नसतं. शेवटी मंगळवार पेठेतल्या एका सिनियरकडनं त्याचा जुना ८०८५ ट्रेनर किट घेतला, २२०० रुपये.

पहिल्यांदा तक्रार. किटबरोबर जो अडॅप्टर दिला तो निघाला १२ व्होल्टचा, आणि ८०८५ ला लागतात ५ व्होल्ट. जोडायच्या आधी मल्टिमीटर लावून बघितलं म्हणून वाचलं, नाहीतर पहिल्याच दिवशी बोर्ड जळला असता. ५ व्होल्टची सप्लाय वेगळी आणावी लागली. नेक्स्टचं (पुढच्या पत्त्यावर जायचं) बटण पण जरा जोरात दाबावं लागतंय, एवढं सोडलं तर वस्तू नाद खुळा आहे.

बोर्ड समोर ठेवून बसलं की पहिली गोष्ट ही कळते की सगळं दिसतंय. ४० पायांचा लांबडा प्रोसेसर, शेजारी क्लॉकचे ठोके देणारा ६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (आत त्याचं निम्मं होऊन ३ वर चालतो), मॉनिटर प्रोग्रॅमची (बटणं आणि डिस्प्ले सांभाळणारा, आधीच भरलेला) रॉम, रॅमची चिप. लॅपटॉप उघडला तर हे असं बोट ठेवून दाखवता येत नाही.

माझा पहिला प्रोग्रॅम ५ अधिक ७. किटला एमव्हीआय वगैरे सूचनांची नावं काय कळत नाहीत, त्याला हेक्सचे (सोळाच्या पद्धतीतले, ० ते ९ आणि मग ए ते एफ) आकडेच द्यायचे. माझ्या किटवर आपली रॅम २००० पासून सुरू होते, तिथनं पुढं ओळीनं टाकलं: ३ई ०५, ०६ ०७, ८०, ३२ ५० २०, ७६. म्हणजे ए मध्ये (हाच ॲक्युम्युलेटर) ५ घे, बी रजिस्टरमध्ये ७ घे, बेरीज कर, उत्तर २०५० ला ठेव, थांब. पत्ता २०५० असला तरी आधी ५० टाकायचं मग २०, खालचा बाईट आधी. मी पहिल्यांदा उलटं टाकलं आणि उत्तर कुठं गेलं ते शोधत बसलो, पण तेव्हापासून ही गोष्ट विसरलो नाही. दुरुस्त करून चालवला आणि २०५० उघडून बघितलं तर ०सी, म्हणजे १२. टाकायला मला चांगली पाच मिनिटं लागली आणि उत्तर ठेवेपर्यंत प्रोसेसरला ३१ टी-स्टेट (क्लॉकचे ठोके), म्हणजे साधारण १० मायक्रोसेकंद. क्लॉक म्हणजे काय ते त्या दिवशी डोक्यात शिरलं.

आता हा प्रयोग प्रत्येकानं करून बघाच. उत्तर २०५० च्या ऐवजी २००४ ला ठेवायला सांगा, म्हणजे ३२ च्या पुढं ०४ २०. २००० पासून एकेक आकडा मोजत गेलं तर २००४ ला बेरजेची सूचनाच (८०) बसलेली आहे. पहिल्यांदा चालवलं की तिथं ०सी येतंय, बरोबर उत्तर. काहीच न बदलता परत चालवा, आता ०५! कारण ८० जाऊन तिथं ०सी बसला आणि ८०८५ च्या लेखी ०सी म्हणजे सी रजिस्टर एकानं वाढव, मग बेरीज होणार कशी, ए मधले ५ तसेच तिथं जाऊन बसले. सूचना आणि डेटा एकाच मेमरीत, गणितज्ञ जॉन व्हॉन नॉयमनच्या १९४५ च्या रिपोर्टमधली जी गोष्ट आम्ही पाच मार्कांना लिहितो ती हीच. मी त्या रात्री तीनदा चालवून बघितलं.

किटवर सिंगल स्टेपची सोय आहे, एक सूचना झाली की थांबतोय, मग रजिस्टर उघडून बघायची. माझे पप्पा शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर (प्रोग्रॅमवर चालणारं धातू कापायचं मशीन) आहेत, जेवण झाल्यावर शेजारी येऊन बसले, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "अरे हे तर आमचं सिंगल ब्लॉकच की. नवीन प्रोग्रॅमचा पहिला जॉब आम्ही असाच काढतोय, एक लाईन झाली की मशीन थांबतंय, परत सायकल स्टार्ट. नाहीतर टूल जाऊन चकवर, म्हणजे जॉब धरतोय त्या भागावर, आदळायचं." प्रोग्रॅम काउंटर (पुढची सूचना कुठल्या पत्त्यावर आहे ते लक्षात ठेवणारं रजिस्टर) मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

कमी काय आहे तर कॅश (प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी) नाही, पाइपलाइन (एक सूचना पूर्ण व्हायच्या आत पुढचीवर काम सुरू करणं) नाही, म्हणजे सिलॅबसचा तो भाग पुस्तकातनंच करावा लागणार. १९७६ चा प्रोसेसर, १६ ॲड्रेस लाईन, जास्तीत जास्त ६४ केबी मेमरी. लाईट गेली की टाकलेला प्रोग्रॅम पण गेला, त्यामुळं वहीत लिहूनच टाकायला बसा. फुकटातले सिम्युलेटर आहेत मोबाईलवर, तेही वापरलेत, परीक्षेच्या आदल्या दिवशी ठीक आहेत, पण चुकीचा पत्ता टाकला की ते बऱ्याचदा लगेच लाल करून दाखवतात, आणि किटवर ती चूक स्वतः हुडकावी लागते, माझं शिकणं त्यातच झालं.

घेणार असाल तर सप्लाय आधी मोजा, समोर बसून एक बेरीज चालवून बघा, सगळी बटणं दाबून बघा. आणि मॅन्युअल असलेलाच घ्या, शे-दोनशे जास्त गेले तरी चालतील, कारण रॅम कुठनं सुरू होते आणि बटणांची नावं काय हे प्रत्येक कंपनीच्या किटला वेगळं असतंय.