वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट ११ मार्चचा, वायर ओढली पाडव्यानंतर!

कराडजवळ घर बांधलं. वायरिंगचं काम ज्याला दिलं त्याच्याकडे स्वतःचं लायसन नव्हतं. काम हा करणार, सही-शिक्का दुसऱ्या लायसनवाल्याचा. हे कसं चालतं ते तुम्हाला माहीत आहेच. मलाही माहीत होतं, पण गावात सगळ्यांचीच कामं अशी होतात. मीटरही मिळतात.

जून महिन्यात वरच्या बेडरूममधला एसीचा सॉकेट जळाला. दुसऱ्या वायरमनला बोलावलं. त्याने सॉकेटमागची तार ओढून माझ्या हातात दिली. तिच्यावर छापलेलं होतं, २.५ स्क्वेअर एमएम. बिलात ४ एमएमचे पाच कॉइल, ५,४०० रुपयांप्रमाणे २७,००० लावलेले. मग त्याने डीबी, म्हणजे घरातला स्विचांचा मुख्य बॉक्स उघडला. 'एसी २' असं लेबल लावलेल्या एमसीबीचं (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच) खालचं टर्मिनल रिकामं होतं, तिथून तारच निघाली नव्हती. एसी आणि गीझर दोन्ही एकाच २.५ च्या तारेवर, आणि वर ३२ अँपिअरचा एमसीबी. तार तापून वितळली तरी तो पडणार नाही. माझी मुलगी त्या खोलीत झोपते.

आता हिशोब. पॉइंट, म्हणजे दिवा, पंखा, सॉकेट यांची एकेक जोडणी, ठरला ६५० रुपयांना, बिल ११८ पॉइंटचं. आम्ही खोलीखोलीत फिरून मोजले, भरले ९१. टू-वे स्विच दोनदा धरलेला, दिव्याच्या बोर्डावरचा प्लगही वेगळा पॉइंट. म्हणजे १७,५५० जास्तीचे. तारेतल्या फरकाचे ९,७५०. अर्थिंगचे दोन खड्डे, प्रत्येकी १४,५००, त्यातला दुसरा खड्डा अंगणात कुठेच नाही. एकूण ४१,८००. पुन्हा वायरिंग करायला ३८,६०० गेले ते वेगळे.

सगळ्यात जास्त चीड येते ती टेस्ट रिपोर्टची, म्हणजे वायरिंग तपासल्याच्या कागदाची. कायमच्या मीटरच्या अर्जासोबत तो कागद त्या पहिल्या वायरिंगवाल्याने माझ्यापुढे सहीला ठेवला. इन्सुलेशनचं रीडिंग ५० मेगाओहम, दोन्ही खड्ड्यांचं अर्थिंग अगदी सारखं, १.२ ओहम. तारीख ११ मार्च. अहो, ११ मार्चला वरच्या मजल्याचं प्लास्टर चालू होतं! पाइपात तारच नव्हती, ती ओढली पाडव्यानंतर. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला तरी कोणत्या तारेला? तारीख माझ्या डोळ्यांसमोर होती. पण शिक्का होता, लायसन नंबर होता. घरमालक तारखा ताडून बघायला बसतो का? ते बघायला ज्यांना पगार मिळतो, त्यांनी तरी कुठे बघितली?

तेच वीज कंपनीच्या ऑफिसात विचारलं. उत्तर काय, तर "रिपोर्ट पूर्ण होता, मीटरच्या पुढची जबाबदारी तुमची." मग रिपोर्ट मागता कशाला? लायसनचं बघणाऱ्या कार्यालयात गेलो, तिथे म्हणाले लेखी द्या. दिलं. पोच मिळाली, उत्तर नाही. ज्याची सही आहे त्याने माझं घर बघितलेलंसुद्धा नाही, हे एका फोनवर कळलं असतं. पोलीस म्हणाले, हे दिवाणी आहे, ग्राहक आयोगात जा. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला: मोजमापाची वही कुठे आहे? वही त्याच्याकडे. आता तो म्हणतो, हरवली.

स्लॅबच्या आदल्या दिवशी पाइपांचे फोटो काढतो म्हटलं, तर हाच वायरिंगवाला म्हणाला, "साहेब, सकाळी काँक्रीटची गाडी येतेय, मला सगळं पाठ आहे." तुम्ही ऐकू नका. गाडी थांबवा, पण टेप लावून प्रत्येक खोलीचे फोटो काढा. पॉइंट म्हणजे नेमकं काय ते कामाआधी लिहून घ्या. मापं दर आठवड्याला दोघांच्या सहीने, वही तुमच्या कपाटात. कॉइलचे रिकामे खोके टाकू देऊ नका, बिलाशी जुळवा. अर्थिंगचा खड्डा बुजवण्याआधी प्लेट दिसेल असा फोटो हवा. मेगर आणि अर्थ टेस्टर तुमच्यासमोर लावायला सांगा, रीडिंग तुमच्या हाताने लिहा. आरसीसीबीचं (शॉकपासून वाचवणारा स्विच) टेस्ट बटण दाबून बघा. लायसनवाला स्वतः साइटवर आल्याशिवाय रिपोर्टवर सही करू नका.

आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, त्यामुळे रक्कम लहान म्हणून सोडून देऊ नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. जळालेला सॉकेट आणि ती २.५ ची तार मी पिशवीत सील करून ठेवली आहे. तुमच्याकडेही असं काही निघालं, तर दुरुस्तीच्या घाईत फेकू नका.