साउंड मिक्सर घेताना आधी त्याची चॅनल स्ट्रिप, म्हणजे एका इनपुटच्या नॉबांची उभी रांग, बघा (१२ चॅनलचा ॲनालॉग मिक्सर, वर्षभराच्या वापरानंतर)

पाचपैकी चार स्टार देतोय, आणि ते चारही इनपुट चॅनलसाठी. बाकीचे रिव्ह्यू वाचले तर सगळे इफेक्ट किती आहेत आणि यूएसबी आहे का यावरच बोलतात, पण रोज हात जातो तो चॅनलच्या नॉबवर, आणि त्यातही सगळ्यात वरच्या गेनवर (माईकचा सिग्नल आत येताना किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब). तिथे चुकलं की खाली काहीही फिरवा, आवाज सुधरत नाही.

याचा गेन मला मनापासून आवडला. काही मिक्सरमध्ये नॉब शेवटाकडे आला की आवाज एकदम उसळतो, इथे तो सावकाश चढतो. मी फेडर (चॅनलचा आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी) पूर्ण खाली ठेवतो, पीएफएल (फेडरच्या आधीचा सिग्नल मीटरवर दाखवणारं बटण) दाबतो आणि गाणाऱ्याला सांगतो की प्रोग्रॅममध्ये गाणार तेवढ्याच जोरात गा, कारण चेकला सगळे हळूच हॅलो हॅलो करतात आणि स्टेजवर गेले की आवाज दुप्पट. मीटर 0 च्या आसपास आला की गेन तिथेच सोडायचा आणि मग फेडर 0 वर न्यायचा. 0 जवळ फेडरच्या खुणा लांब लांब असतात त्यामुळे बोट जरा सरकलं तरी फरक थोडाच पडतो, तळाशी तेवढ्याच हालचालीत आवाज गायब होतो. गेन कमी ठेवून फेडर ढकलला तर सोबत खरखर पण वर येते आणि गेन जास्त झाला तर आवाज फाटतो, मग फेडर कितीही खाली घ्या, फाटलेला फाटलेलाच राहतो.

लो कट (खालचे जाड आवाज कापणारा फिल्टर) 80 हर्ट्झचा आहे, प्रत्येक मोनो चॅनलला वेगळं बटण. गाण्याच्या माईकला मी तो चालूच ठेवतो, स्टँडला पाय लागल्याची धडधड आणि 'प', 'भ' ची फुंकर बरीच कमी होते. बेस गिटार आणि किकला मात्र बंद ठेवा, नाहीतर जीवच जाईल त्यांचा.

ईक्यूमध्ये (जाड, मधले आणि बारीक आवाज कमी-जास्त करायचे नॉब) मिडला स्वीप आहे, म्हणजे मधली कोणती फ्रीक्वेन्सी धरायची ते फिरवून ठरवता येतं, हे फार कामाचं. आवाज नाकातून आल्यासारखा वाटला तर मिड थोडा वाढवून फ्रीक्वेन्सी हळूहळू फिरवत रहा, जिथे सगळ्यात घाण ऐकू येईल तिथे थांबा आणि तिथेच कट करा. हे साउंड चेकलाच करा पण, चालू प्रोग्रॅममध्ये वाढवलंत तर माईक शिट्टी मारेल.

आता एक स्टार का कापला. 48 व्होल्ट फँटमला (कंडेन्सर माईकला केबलमधूनच दिली जाणारी वीज) सगळ्या चॅनलना मिळून एकच स्विच आहे. कंडेन्सर एक आणि डायनॅमिक (ज्यांना ही वीज लागत नाही) चार असले तरी पाचही माईकना फँटम जाणार. नीट बॅलन्स्ड केबल असेल तर डायनॅमिकला सहसा काही होत नाही, पण जुना रिबन माईक लावताना मला भीतीच वाटते. आणि सगळे फेडर खाली घेतल्याशिवाय तो स्विच दाबू नका, स्पीकरमधून ठप्प करून मोठा आवाज येतो. पीक लाईटही आवाज फाटायला लागल्यावरच पेटतो, काही डीबी आधी पेटायला हवा होता.

ऑक्स 1 (चॅनलचा आवाज वेगळ्या आउटपुटला पाठवायचा नॉब) फेडरच्या आधीचा आहे म्हणून मॉनिटरला, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरला, तोच वापरतो. पण तो ईक्यूच्या नंतर घेतलाय. म्हणजे हॉलसाठी मी मिड कापला की गाणाऱ्याच्या मॉनिटरमधला आवाजही बदलतो. एकजण मला सारखा सांगत होता की मला माझा आवाज बसका येतोय आणि मी केबल बदलत बसलो होतो. आता मॉनिटर महत्त्वाचा असेल तेव्हा त्याच माईकला स्प्लिटर (सिग्नलचे दोन फाटे करणारा) लावून दुसरा चॅनल घेतो, त्याचा ईक्यू सपाट ठेवतो, फेडर खाली आणि फक्त ऑक्स 1 उघडा.