छोटा ट्रॅव्हल ट्रेलर घेताय? काय बनवतानाच घ्यायचं आणि काय नंतर उद्यमनगरात करून घ्यायचं

कोल्हापुरात, विशेषतः उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात, ट्रॉली बांधणारे, पत्रा वाकवणारे, पाटे (लीफ स्प्रिंग) भरणारे कारागीर हाकेच्या अंतरावर आहेत. त्यामुळे दोघा-तिघांपुरता ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचा, आत झोपायची सोय असलेला डबा, घेताना "बाकीचं नंतर करून घेऊ" असं म्हणणं सोपं जातं. बॅटरी, दिवे, ओटा, पाण्याची टाकी यांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण ब्रेक, अ‍ॅक्सल आणि छताची जोडणी नंतर बदलायची म्हणजे अर्धा ट्रेलर उकलायचा. विक्रेत्याच्या पर्याययादीत क्रम नेमका उलटा असतो. एसी, ऑनिंग (बाजूला उघडणारं गुंडाळी छप्पर) आणि रंगीत दिवे वर, ब्रेक तळाला, तेही "ऐच्छिक" म्हणून.

आधी वजनाचा हिशोब

समजा, ट्रेलरचं मंजूर एकूण वजन ७५० किलो आहे आणि रिकामा ट्रेलर ५४० किलोचा आहे. हातात उरले २१० किलो. आता मांडा: ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो, भरलेला ५ किलोचा सिलिंडर आणि शेगडी १५, लिथियम बॅटरी, चार्जर आणि वायरी २०, २०० वॅटचं सोलर पॅनल पट्ट्यांसह १६, छोटा फ्रिज आतल्या जिनसांसह २६, गाद्या-पांघरुणं २५, भांडी आणि शिधा २५, खुर्च्या-टेबल-ताडपत्री २०, स्टेपनी, जॅक आणि हत्यारं ३०. बेरीज २१७. अजून एसी नाही, ऑनिंग नाही, कपड्यांची बॅगही नाही.

म्हणून प्रत्येक पर्यायासमोर किमतीबरोबर किलोही लिहून मागा. ताबा घेताना रिकामा ट्रेलर वजनकाट्यावर घाला. उसाच्या पट्ट्यात काटा शोधायला लांब जावं लागत नाही, आणि माहितीपत्रकातलं वजन बहुतेक वेळा पर्यायांशिवायचं असतं. ओढणाऱ्या गाडीची टोइंग मर्यादा मालकपुस्तिकेत पाहा. तिथे आकडा नसेल तर कंपनीकडून लेखी घ्या. हिच (गाडीमागची ट्रेलर जोडायची जागा) बसवणाऱ्याचा "ओढंल की" हा आकडा नव्हे.

वजन किती यापेक्षा कुठे आहे हे जास्त छळतं. बैलगाडीत मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, तसंच इथे. मागे स्वयंपाकघर, मागेच टाकी आणि मागेच स्टेपनी असा ट्रेलर ७०-८० च्या वेगाला शेपूट हलवायला लागतो आणि ओढणारी गाडीही हलवतो. कपलरवर (ट्रेलरचा गाडीला अडकणारा पुढचा भाग) एकूण वजनाच्या साधारण ७ ते १० टक्के भार हवा. म्हणजे ६०० किलोच्या ट्रेलरला ४२ ते ६० किलो. मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. ट्रेलर पूर्ण भरा, सपाट जागी चाकांना अडण लावा, कपलरखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली काटा ठेवा. कपलर गाडीच्या बॉलच्या उंचीला आला पाहिजे, नाहीतर आकडा चुकतो. हा भार हिचच्या मर्यादेतही बसला पाहिजे.

ब्रेक: नसलेले, ओव्हररन की इलेक्ट्रिक

कोल्हापूरहून समुद्राकडे जायचं तर घाट उतरावाच लागतो. रत्नागिरीला आंबा, वैभववाडीकडे गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा, कणकवलीला फोंडा, सावंतवाडीला आंबोली. त्यामुळे बिनब्रेकचा ट्रेलर फक्त सपाटीच्या प्रवासाला, तोही भरून ४००-५०० किलोच्या आत आणि ओढणारी गाडी तिप्पट जड असेल तर. नाहीतर तो पर्याय यादीतून काढूनच टाका.

ओव्हररन ब्रेक यांत्रिक असतो. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, कपलरमधला दांडा आत सरकतो, केबल ओढली जाते आणि ड्रममधले शू बसतात. गाडीत कसलंही वायरिंग लागत नाही. शू, केबल, स्प्रिंग इथला मिस्त्री बदलू शकतो. अडचण लांब उतारावर येते. ट्रेलर सतत रेटत असल्यामुळे ब्रेक थोडा थोडा लागलेलाच राहतो, ड्रम तापतो आणि खाली पोहोचेपर्यंत पकड कमी होते. उपाय म्हणजे ज्या गिअरात चढला असता त्याच गिअरात उतरायचं आणि मध्ये थांबून ड्रमजवळ हात नेऊन बघायचं. घेताना ऑटो-रिव्हर्सचे शू मागा. ते नसतील तर चढावर रिव्हर्स घेताना ब्रेक आपोआप लागतो आणि गाडी जागची हलत नाही.

इलेक्ट्रिक ब्रेकमध्ये ड्रमच्या आत चुंबक असतो आणि गाडीत कंट्रोलर. किती ब्रेक लागावा हे चालक ठरवतो. ट्रेलर डुलायला लागला तर कंट्रोलरची कळ दाबून फक्त ट्रेलरचा ब्रेक लावता येतो आणि तो सरळ होतो. हे ओव्हररनला जमत नाही. प्रत्येक चुंबक सुमारे ३ अँपिअर घेतो, म्हणून ब्रेकची वायर किमान ४ चौ.मि.मी. हवी. कपलर सुटला तर ब्रेक आपोआप लागावा यासाठी स्वतंत्र छोटी बॅटरी आणि ब्रेकअवे स्विच लागतो. चुंबक आणि कंट्रोलर चौकातल्या दुकानात मिळत नाहीत, म्हणून एक जादा चुंबक सुरुवातीलाच घेऊन ठेवा.

आमचा कौल: वर्षातून दोन-तीनदा कोकण असेल आणि ट्रेलर ७०० किलोच्या आत असेल तर चांगला ओव्हररन पुरे. त्याहून जड असेल किंवा घाट नेहमीचाच असेल तर इलेक्ट्रिक. दोन्हींत हँडब्रेक आणि कपलरखाली फुलीत ओवलेल्या दोन साखळ्या हव्यातच.

अ‍ॅक्सल: पाटे की रबर टॉर्शन

टॉर्शन अ‍ॅक्सलमध्ये नळीच्या आत रबर दाबलं जातं. शॅकल नाही, बुश नाही (पाट्यांचे झिजणारे सांधे), ट्रेलरचा तळ थोडा खाली येतो, दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात आणि आतली भांडी कमी वाजतात. पण रबर म्हातारं झालं किंवा भारक्षमता कमी पडली तर दुरुस्ती नसते, अख्खा अ‍ॅक्सल बदलावा लागतो.

पाट्यांचा अ‍ॅक्सल उसाची ट्रॉली दुरुस्त करणारा कोणीही सोडवून देतो, आणि धोकाही तिथेच आहे. त्याच्या हाताला कित्येक टनांची सवय असते. "मजबूत करून देतो" म्हणत तो दोन पाटे वाढवतो. मग ६०० किलोचा ट्रेलर खड्ड्यात दबत नाही, उडतो. कपाटांचे स्क्रू सैल होतात, खिडकीच्या कोपऱ्यात सीलंट फाटतं आणि पुढच्या पावसात गळती सुरू होते. पाटे एकूण मंजूर वजनाला धरूनच भरायचे आणि जोडीला शॉक अ‍ॅब्सॉर्बर घ्यायचे. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे. ते ढिले राहिले तर मधला सेंटर बोल्ट तुटतो आणि अ‍ॅक्सल तिरका होतो.

एकूण बघता इथे पाटेच बरे. टॉर्शन घ्यायचाच असेल तर क्षमता भरलेल्या वजनापेक्षा थोडी जास्त घ्या, दुप्पट नको.

चाकं शक्यतो ओढणाऱ्या गाडीच्याच मापाची आणि त्याच बोल्ट-रचनेची घ्या, म्हणजे एक स्टेपनी दोघांना चालते. टायरचा लोड इंडेक्स वाचा: ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने जातात. बाजूवरचा चार आकडी तारीखकोड पाहा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

भिंती आणि छत

गगनबावडा हा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक. त्या बाजूला जाणार असाल तर कापडी भिंतींचा, वर उचलायचा ट्रेलर पावसाळ्यात कामाचा नाही. ओलं कापड मिटून ठेवलं की दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके धरतात आणि ते जात नाहीत. नोव्हेंबर ते मे एवढाच वापर असेल तर मात्र तो हलका, बुटका आणि वाऱ्याला कमी अडणारा म्हणून चांगला. उभं राहता येईल असा उंच डबा सोयीचा खरा, पण तो वारा अडवतो, इंधन खातो आणि घाटातल्या झुकलेल्या फांद्यांना लागतो. दोघांसाठी थेंबाच्या आकाराचा, आत फक्त झोपायची जागा असलेला ट्रेलर सगळ्यात कमी कटकटीचा.

भिंतीच्या रचनेत असा फरक पडतो:

| रचना | एका चौ.मी.चं अंदाजे वजन | काय बिघडतं |
|---|---|---|
| १२ मि.मी. बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारा) प्लाय, वर रंग | ८ किलो | कापलेल्या कडांतून पाणी शिरतं, कुजणं उशिरा दिसतं |
| लोखंडी चौकट, बाहेर १ मि.मी. अ‍ॅल्युमिनियम, मध्ये फोम, आत ४ मि.मी. प्लाय | ९ ते १० किलो | चौकटीच्या रेषेवर आत घाम धरतो, गंज |
| एफआरपी (फायबरग्लास)-फोम-एफआरपी सँडविच | ६ किलो | मागाहून भोक पाडलं तर फोमात पाणी, थर सुटणं |

बाहेरचा पृष्ठभाग साधारण २२ चौ.मी. धरला तर दुसऱ्या आणि तिसऱ्या रचनेत ७०-८० किलोंचा फरक पडतो. म्हणजे वरच्या हिशोबातलं पाणी आणि सिलिंडर त्यातच निघतात. पैसे असतील तर सँडविच. मात्र कपाट, ऑनिंग, पॅनल जिथे यायचे तिथे फोमऐवजी लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आत घालून घ्या, कारण नुसत्या फोमात स्क्रू धरत नाही. कोणती पट्टी कुठे आहे याचा नकाशा मागून ठेवा.

छतावरच्या जोडांना बाथरूमचं सिलिकॉन लावू देऊ नका. त्यावर रंग बसत नाही, आणि ते उलल्यावर नवं सिलिकॉन जुन्याला चिकटत नाही. खिडकी आणि व्हेंटच्या (छताच्या झरोक्याच्या) पट्टीखाली ब्युटाइल (चिकट रबरी) टेप, स्क्रू चार-पाच सेंटिमीटरवर, आणि कडेला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. तपासायची खरी पद्धत अशी: दारं-खिडक्या बंद करा, एका फटीतून ब्लोअरने आत हवा भरा आणि बाहेरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडा आला तिथे गळती. नळीने पाणी मारून हे कळत नाही, कारण पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं भलतीकडेच.

छताचा व्हेंट बनवतानाच घ्या, साधारण १४ इंची, पावसातही उघडा राहील अशा टोपीसह. दोघं रात्रभर श्वासातून आणि घामातून मिळून बराच ओलावा सोडतात. तो बाहेर गेला नाही तर सकाळी गादीचा तळ ओला लागतो आणि लोक उगाच गळती शोधत बसतात.

वीज

बॅटरी नंतर घेतली तरी चालते, पण वायर आणि नळ्या आधीच टाकून घ्या. गाडीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत ६ मीटर अंतर, २० अँपिअर चार्जिंग धरा. २.५ चौ.मि.मी.च्या वायरीत जाऊन-येऊन जवळपास १.८ व्होल्ट वाटेतच मरतात आणि बॅटरी कधीच भरत नाही. १० चौ.मि.मी. घातली तर ०.४५ व्होल्टच्या आसपास. भिंत बंद झाल्यावर ही वायर ओढणं म्हणजे डोकेदुखी. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर व्होल्टेज कमी-जास्त करतो, म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर (व्होल्टेज स्थिर करून बॅटरी भरणारा) हवाच.

दिवसाची गरज: पंखा २५ वॅट १० तास, म्हणजे २५० वॅट-तास. दिवे ६०, फ्रिज उन्हाळ्यात ५४०, पंप १०, फोन-लॅपटॉप १००. एकूण ९६०. १०० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी १२८० वॅट-तासांची, वजन ११-१३ किलो, आणि त्यातलं ८०-९० टक्के वापरता येतं. एक दिवस निघतो. तेवढीच शिसा-अ‍ॅसिड बॅटरी २५-३० किलोंची आणि निम्मीच वापरायची, म्हणजे दोन लागतील. फ्रिजऐवजी बर्फाची पेटी वापरणार असाल तर मात्र एक शिसा-अ‍ॅसिड स्वस्तात काम भागवते. २०० वॅटचं पॅनल निरभ्र दिवशी ६००-७५० वॅट-तास देतं. पावसाळ्यात त्याच्यावर विसंबू नका. छताला चिकटवायची लवचिक पॅनल्स खालून तापतात आणि लवकर खराब होतात. काचेचं पॅनल घ्या, खाली दोन बोटं हवा ठेवा.

एसी छतावर २५-३५ किलो चढवतो आणि बॅटरीवर रात्र काढत नाही. मे महिन्यात कोकणात हवाच असेल तर तो होमस्टेच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर, आणि ट्रेलरमध्ये ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तरच.

चूल, पाणी, बाकीचं

स्वयंपाक मागच्या झडपेखाली, बाहेर उभं राहून. तांबड्या रश्श्याची फोडणी आत दिली तर त्या वासाच्या गादीवर पुढचे चार दिवस झोपायचं. गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं आणि झोपायच्या बाजूला एकही नाही. टाकी अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, म्हणजे भरली-रिकामी झाली तरी कपलरचा भार फारसा बदलत नाही. दोघांना २० लिटरचे दोन कॅनही पुरतात. न्हाणीघर नको. जागा जाते, ओल येते, सांडपाण्याची टाकी वाढते. सुटं केमिकल टॉयलेट आणि बाहेर उभा तंबू बरा. ऑनिंग पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरच्या वाऱ्याच्या एका झोतात वाकतं. दोन काठ्या आणि ताडपत्री घ्या.

कागद आणि ठेवायची जागा

कायद्याने ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याला स्वतःची नोंदणी, नंबरप्लेट आणि विमा लागतो. बनवणाऱ्याकडून नोंदणीसाठीची कागदपत्रं ऑर्डर देण्याआधी पाहा आणि ती आरटीओत दाखवून घ्या. लांबी, उंची किंवा वजन बदलणारे फेरफार नोंदणीपुस्तकाशी जुळले पाहिजेत, त्यामुळे उंची वाढवणं किंवा अ‍ॅक्सल बदलणं उद्यमनगरात परस्पर करू नका.

पेठांच्या बोळात ट्रेलर रिव्हर्स होत नाही. जागा शिरोली किंवा नदीकाठच्या बाजूला भाड्याने घेणार असाल तर २०१९ आणि २०२१ ला तिथे पाणी आलं होतं का हे शेजाऱ्यांना विचारा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका. इशाऱ्यालाच ट्रेलर हलवा. हब पाण्यात बुडाला तर ग्रीस दुधाळ होतं आणि बेअरिंग उघडून नवं ग्रीस व सील घालावं लागतं. पावसाळ्यात उभा करताना चाकांना अडण लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा, नाहीतर शू ड्रमला गंजून चिकटतात आणि ऑक्टोबरमध्ये चाक फिरत नाही.