सर्व्हरचा कन्सोल: केव्हीएम, एसओएल की थेट सिरियल केबल?

नेटवर्कवरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायचं एसएसएच चालतंय तोवर कन्सोलची (सर्व्हरच्या थेट पडदा-कीबोर्डची) आठवण कुणाला येत नाही. फायरवॉलचा नियम चुकला किंवा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बूटच झाला नाही, की आत शिरायला उरतो तो मदरबोर्डवरचा बीएमसी, म्हणजे सर्व्हरवर देखरेख ठेवणारा वेगळा छोटा संगणक. तो स्टँडबाय पॉवरवर चालतो, त्यामुळे सर्व्हर बंद असला तरी त्याच्याशी बोलता येतं. डेलचा आयड्रॅक, एचपीईचा आयलो, ओरॅकलचा आयलॉम ही त्याचीच घराणी.

ब्राउझरमधला केव्हीएम, म्हणजे सर्व्हरचा पडदा, कीबोर्ड आणि माउस दुरून वापरायची सोय, सगळ्यांना आवडतो, कारण तयारी काहीच लागत नाही. बायोसचा पडदा दिसतो, आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल) जोडून ओएस टाकता येते. मात्र आयलोमध्ये ओएस चालू झाल्यावरही ग्राफिकल कन्सोल हवा असेल तर बहुतेक सर्व्हरवर ॲडव्हान्स्ड लायसन्स लागतं, आयड्रॅकमध्ये साधारणपणे एंटरप्राइझ. हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्या. जुन्या मशिनांवर केव्हीएमला जावा लागतं, ती कटकट वेगळीच.

पण खरी अडचण अशी, की केव्हीएम म्हणजे नुसतं चित्र. कर्नल पॅनिक झाला (गंभीर चुकीमुळे थांबला) की पडद्यावर शेवटच्या ओळी गोठलेल्या असतात. ज्या ओळीत मूळ कारण होतं ती केव्हाच वर सरकून गेलेली. सिरियल ओव्हर लॅन, म्हणजे एसओएल, अक्षरं पाठवतो. सेशन चालू ठेवून लॉग घेत असाल तर पहिल्या ओळीपासून सगळं फाइलमध्ये सापडतं, शिवाय हळू लिंकवरही काम अडत नाही. त्यामुळे रोजच्या वापरासाठी माझं मत एसओएललाच.

त्याची तयारी मात्र आधी करावी लागते. बायोसमध्ये कन्सोल रीडायरेक्शन चालू करा, लिनक्सच्या बूट ओळीत सिरियल पोर्ट द्या आणि वेग दोन्हीकडे एकच ठेवा, बहुधा ११५२००. दोन कन्सोल दिले तर कर्नलचे संदेश दोन्हीकडे जातात, पण स्टार्टअप स्क्रिप्टांचं आउटपुट शेवटी लिहिलेल्याकडेच जातं. म्हणून सिरियल शेवटी लिहा.

एसओएलसाठी आयपीएमआय, म्हणजे बीएमसीशी नेटवर्कवरून बोलायचा जुना प्रोटोकॉल, उघडं ठेवायची गरज नाही. आयपीएमआय २.० मध्ये लॉगिन पुरं होण्याआधीच बीएमसी पासवर्डचा हॅश (ज्यावरून पासवर्ड शोधून काढता येऊ शकतो) समोरच्याला देतो. तो प्रोटोकॉलचाच दोष आहे, पॅचने जात नाही. आयपीएमआयचा यूडीपी पोर्ट ६२३ बंद करा आणि बीएमसीवर एसएसएचने जा. तिथे आयलोमध्ये ‘व्हीएसपी’, आयड्रॅकमध्ये ‘कन्सोल कॉम२’ ही कमांड.

थेट सिरियल केबल आणि कन्सोल सर्व्हर (सिरियल पोर्ट नेटवर्कवरून वापरू देणारं उपकरण) हा खर्च बीएमसीच हँग झाला तर कामी येतो. मशीनपाशी पटकन कुणी पोचू शकत असेल तर तो टाळा.

बीएमसीला स्वतंत्र पोर्ट द्या, तोही वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या काढलेल्या नेटवर्कमध्ये). सर्व्हरच्याच नेटवर्क पोर्टवर त्याला बसवलं तर स्विचवरच्या त्या पोर्टचं कॉन्फिगरेशन चुकलं की सर्व्हरबरोबर बीएमसीही गायब होतो.